कोर्टाजवळचं कायद्याच्या पुस्तकांचं दुकान: नक्की जा

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये कोर्टाजवळ कायद्याच्या पुस्तकांचं एक छोटं दुकान आहे, वकील नसाल तरी एकदा जाच. काऊंटरवरच्या भाऊंना सांगितलं की महाराष्ट्राचं जनसुरक्षा विधेयक (कडव्या डाव्या आणि तशा संघटनांच्या बेकायदा कारवाया रोखण्यासाठीचं) नीट वाचायचं आहे, तर त्यांनी मूळ मसुदा आणि विधिमंडळाच्या संयुक्त समितीने बदललेला मसुदा दोन्हींच्या झेरॉक्स शेजारी शेजारी ठेवल्या आणि म्हणाले, घाई नका करू, बसून वाचा ना भाऊ.

मग कळलं आमदारांचं खरं काम कुठे असते ते! डिसेंबर 2024 मध्ये आपल्या नागपूर अधिवेशनात हे विधेयक पुन्हा मांडून समितीकडे गेलं, अध्यक्ष आपल्या कामठीचे बावनकुळे, लोकांच्या 12 हजारांवर सूचना आल्या. तपास अधिकारी आधी उपनिरीक्षक दर्जाचा चालणार होता, तिथे उपअधीक्षक आला. एवढ्या एका शब्दाने सामान्य माणसाला केवढा फरक पडतो राव. तरी माझ्या मते व्याख्या अजूनही ढिल्या आहेत, आणि जुलै 2025 मध्ये विधानसभेत माकपचे आमदार विनोद निकोले यांनी एकट्याने उघड विरोध केला याचा मला आदर वाटते.

नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे अटक, तपास आणि खटल्याच्या पद्धतीचा कायदा, तीही घेतली. कलम 47 मध्ये अटकेचं कारण सांगायलाच पाहिजे, 58 मध्ये 24 तासांची मर्यादा, हे घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. मराठी-इंग्रजी आवृत्तीची छपाई मात्र फारच बारीक आहे, आईला चष्मा लावूनही वाचता येत नाही, प्रकाशकाने अक्षर मोठं करावं. दुकान लहान आहे, दुपारी वकिलांची गर्दी असते, सकाळीच जा.