मातीच्या रेससाठी दूधवाल्याची स्प्लेंडर: एक सीझन चालवून झाल्यावर

मातीच्या रेसमधल्या हंड्रेड सीसीच्या स्टॉक क्लाससाठी, म्हणजे इंजिनात फेरफार न केलेल्या गाड्यांच्या गटासाठी, गाडी शोधतेय म्हटलं की ओळखीतला प्रत्येक जण यामाहाच्या आरएक्स १०० चंच नाव घ्यायचा. मीही आधी तीच शोधत होते. टू-स्ट्रोक, ११ अश्वशक्ती, वजनाला हलकी. मातीत तिची सर कशालाच नाही, हे मला आजही मान्य आहे. पण १९९६ साली बंद झालेली ही गाडी आता शौकीन लोक दागिन्यासारखी जपतात. ठाण्यापासून सायनपर्यंत चार गाड्या बघितल्या, धड अवस्थेतल्या गाडीला कोणी लाखाच्या खाली बोलेना. इतके पैसे मोजून घेतलेली गाडी पहिल्याच वळणावर चिखलात आपटायची माझी तयारी नव्हती. शिवाय मी ज्या रेसमध्ये उतरणार होते तिथे टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोकचे क्लास वेगळे होते. मग फोर-स्ट्रोकमध्ये सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त मिळणारी गाडी कोणती? उत्तर आमच्या भांडूपच्या गल्लीत रोज पहाटे पाच वाजता येत होतं, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून.

२००८ ची हीरो होंडा स्प्लेंडर, १४ हजारांत घेतली. स्वस्त मिळाली त्याचं कारण सरळ आहे. आरसीची १५ वर्षं संपली होती, आणि पुन्हा पासिंग करायचा खर्च दूधवाल्या काकांना करायचा नव्हता. ट्रॅकवरच्या गाडीला पासिंग लागत नाही, ती टेम्पोतून जाते. पण म्हणून कागद सोडू नका. आरसीवर विकणाऱ्याचंच नाव आहे ना आणि चासी नंबर जुळतो ना, ते बघा आणि मालकी बदलाच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सही घ्या. याआधी एका डीलरकडे मी टोकन देऊन बसले होते. त्या गाडीचा चासी नंबर घासलेला निघाला आणि माझे दोन हजार बुडाले ते बुडालेच.

दूधवाल्याची गाडी घेताना मागची चासी नीट तपासायची. कॅनच्या वजनाने सीटखालचा पाइप शॉकअपच्या बोल्टपाशी चिरतो. माझ्या गाडीला तिथे केसाएवढी चीर होती, रंगाखाली लपलेली. आमच्या गॅरेजवाल्या काकांनी ओल्या फडक्याने पुसून, बोटाच्या नखाने चाचपून ती शोधली. कॅनचे हूक कापले, आतून पट्टी देऊन वेल्डिंग केलं, आणि गाडी सरळ झाली.

आता इंजिन. ९७.२ सीसी, ताकद साडेसात अश्वशक्तीच्या आसपास. आकडा ऐकून लोक हसतात. पण या इंजिनचा सिलिंडर जवळजवळ आडवा झोपलेला आहे. १९८५ च्या सीडी १०० पासून चालत आलेली ही रचना. त्यामुळे सगळं वजन खाली राहतं, आणि मागचं चाक घसरलं तरी गाडी पायाखालून निसटत नाही. एकूण वजन ११० किलोच्या घरात. मी स्वतः ५२ किलोची आहे. पडलेली एक्सपल्स, म्हणजे हीरोची कच्च्या रस्त्यासाठीची जड गाडी, एकदा उचलून बघितली होती, तेव्हा कंबर धरली होती. स्प्लेंडर मी एका दमात उभी करते आणि तीन सेकंदांत परत रेसमध्ये असते. नवख्या रायडरला अश्वशक्तीपेक्षा याचा उपयोग कितीतरी जास्त होतो.

आमच्या क्लासच्या नियमात इंजिन उघडून काही बदलायला मनाई होती. हेडलाइट, आरसे, दोन्ही स्टँड, साडी गार्ड, लेग गार्ड काढायला परवानगी होती. टायर, हँडल आणि चेन सॉकेट (चेनचं दातेरी चक्र) बदलता येत होतं. नियम आयोजकागणिक बदलतात, म्हणून फॉर्म भरण्याआधी पुस्तिका मागून घ्या. मागचं सॉकेट मोठं बसवणं सगळ्यात महत्त्वाचं. गियर चारच आहेत, आणि दुसऱ्या-तिसऱ्यातलं अंतर मोठं आहे. कंपनीच्या सॉकेटवर वळणातून बाहेर पडताना तिसरा टाकला की इंजिन दम टाकायचं. मोठं सॉकेट घातल्यावर ती तक्रार बरीचशी गेली. पुढच्या फोकमध्ये (पुढच्या चाकाच्या शॉकअपमध्ये) जाड ऑइल आणि स्प्रिंगवर इंचभर पाइपचा तुकडा टाकला, त्यामुळे उडी मारून उतरताना फोक पूर्ण दबून तळाला आपटायचा थांबला. गियर लिव्हरचा टाचेकडचा भाग करवतीने कापला, कारण रेसिंगचा जाड बूट तिथे अडकतो. गियर खालचा करायला पायाच्या बोटांनी लिव्हर वर उचलायची सवय लागायला मला दोन रविवार लागले.

स्पोकच्या चाकांबद्दल आवर्जून सांगते. अलॉयवाली गाडी दिसायला छान, पण दगडावर आपटून अलॉयला तडा गेला तर चाक भंगारात. माझी पुढची रिम दोनदा वाकली. दोन्ही वेळा आउट काढून (रिमचा वाकडेपणा काढून), स्पोक आवळून त्याच संध्याकाळी गाडी उभी राहिली.

आता दोष. पहिला दोष त्याच आडव्या सिलिंडरचा. तो पुढच्या चाकाच्या थेट मागे येतो. मुरबाडच्या बाजूला भाताच्या खाचरात रेस होती. कापणी झालेली, ट्रॅक्टर फिरवलेला, आणि धूळ बसावी म्हणून टँकरने पाणी मारलेलं. तीन फेऱ्यांत मडगार्ड आणि चाकाच्या मध्ये चिकणमाती अशी घट्ट बसली की चाक फिरताना कर्र आवाज यायला लागला. सिलिंडर थंड ठेवणाऱ्या फिन्स (बाहेरच्या पट्ट्या) पूर्ण लिंपून गेल्या, त्यावरची माती वाळून विटेसारखी झाली, आणि इंजिन तापून ढिलं पडलं. पाचव्या फेरीत मला थांबावं लागलं. आता पुढचं मडगार्ड वर उचलून बसवलंय आणि प्रत्येक हीटनंतर (रेसच्या प्रत्येक टप्प्यानंतर) स्क्रूड्रायव्हरने फिन्स मोकळ्या करते.

दुसरा दोष पोटाचा. जमिनीपासून उंची १५९ मिलिमीटर, आणि फूटरेस्टचा दांडा इंजिनच्या खालूनच जातो. एका उंचवट्यावर तो घासून वाकला आणि गियर लिव्हरला भिडला. उरलेली पूर्ण रेस मी दुसऱ्या गियरवर काढली. दोन एमएमचा पत्रा खाली लावून घ्या, घाटकोपरच्या फॅब्रिकेटरने मला सहाशे रुपयांत करून दिला.

टायरची चूक मात्र माझी. पकड मिळावी म्हणून बटण टायरमधली (मातीसाठीच्या जाड गुट्ट्यांच्या टायरमधली) हवा फार कमी केली. ट्यूबवाल्या चाकात हवा कमी असली की टायर रिमवर सरकतो आणि सोबत ट्यूबला ओढतो. वॉल्व तिरपा झालेला दिसत होता, मी दुर्लक्ष केलं, आणि तो मुळापासून उपटला. आता हवा १८ पीएसआयच्या खाली नेत नाही. वॉल्व तिरपा दिसला की आधी तो सरळ करते आणि मगच किक मारते.

देखभालीचा खर्च इतका कमी आहे की सरावाला हात आखडता घ्यावा लागत नाही. या इंजिनला कागदी ऑइल फिल्टर नाही, जाळी आणि फिरता फिल्टर आहे. म्हणून प्रत्येक रेसनंतर ऑइल बदलते, एक लिटरच्या आत काम होतं. क्लच प्लेट, केबल, ब्रेक शू कुठल्याही नाक्यावर मिळतात. जुना फोक हवा असेल तर कुर्ल्याला सीएसटी रोड, नवा माल हवा असेल तर ऑपेरा हाउस. छोट्या हत्तीत दोन स्प्लेंडर आरामात बसतात, त्यामुळे टेम्पोचं भाडंही निम्मं पडतं.

गाडी, टायर, वेल्डिंग, पत्रा, सगळं धरून माझे २६ हजार गेले. हेल्मेट, बूट, नी-गार्ड आणि चेस्ट गार्डचे वेगळे, आणि त्यात काटकसर करू नका. सीझनमध्ये पाच रेस केल्या, चार पूर्ण केल्या. लेडीज क्लासला एकदा तिसरी आले. सरळ पट्ट्यात लोक मला मागे टाकतात, पण वळणात मी ब्रेक न लावता आत शिरते, कारण वेग एकदा गेला की या गाडीत तो परत आणायला ताकद नाही. वळणाच्या आधी कुठे बघायचं, वजन कुठल्या पायावर टाकायचं, हे मला हिनेच शिकवलं.

काकांच्या गॅरेजात सध्या दुसरी स्प्लेंडर उघडून ठेवली आहे, माझ्या मावसबहिणीसाठी. तीही दूधवाल्याचीच. कॅनचे हूक येत्या रविवारी कापणार आहोत.