जुन्या मालिकांची वाहिनी : दोष टेपचा किती आणि प्रक्षेपणाचा किती?

२०२० साली टाळेबंदीच्या काळात, २८ मार्चपासून, दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवायला घेतले आणि तीस-बत्तीस वर्षांपूर्वीचे कार्यक्रम पाहणारा प्रेक्षक अजून शाबूत आहे हे सर्वांना दिसून आले. त्यानंतर फक्त जुने कार्यक्रम दाखवणाऱ्या वाहिन्यांकडे लोकांचे लक्ष वळले. आमच्या डिशच्या पॅकेजमध्ये येणाऱ्या अशाच एका खासगी वाहिनीचे हे परीक्षण आहे. तिचे नाव देत नाही, कारण इथे नोंदवलेले दोष या प्रकारच्या कोणत्याही वाहिनीवर आढळू शकतात आणि ते ओळखायचे कसे हे सांगणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

कार्यक्रमांची निवड उत्तम आहे, हे आधी नोंदवले पाहिजे. मराठी कौटुंबिक मालिका, नाट्यप्रवेश, संगीताचे कार्यक्रम, मुलांचे कार्यक्रम यांचा क्रम विचारपूर्वक लावलेला आहे. भाग मधूनच गाळले जात नाहीत आणि वेळापत्रक पाळले जाते. तक्रार आहे ती चित्राची आणि आवाजाची. ही तक्रार ग्राहक सेवा केंद्राकडे केली असता, ‘कार्यक्रम जुने आहेत, टेप खराब झाल्या आहेत,’ एवढेच उत्तर मिळाले. हे उत्तर अर्धेच खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी हा सारा लेखनप्रपंच.

टेपचे म्हणून जे दोष असतात ते प्रथम पाहू. चित्रावर क्षणभर चमकून जाणारी पांढरी आडवी रेघ हा त्यातला सर्वांत परिचित दोष. टेपवरील चुंबकीय थर जिथे निघून गेलेला असतो किंवा जिथे धूळ बसलेली असते, तिथे यंत्राला संकेत मिळत नाही आणि तेवढी ओळ कोरी जाते. आपल्याकडे पावसाळ्यातली दमट हवा टेपची मोठी शत्रू आहे. तिच्यामुळे टेपांवर बुरशी धरते. शिवाय काही प्रकारच्या टेपांत चुंबकीय कण धरून ठेवणारे चिकट द्रव्य ओलावा शोषून मऊ पडते आणि टेप यंत्रात चिकटू लागते. अशा टेप नियंत्रित उष्णतेत तापवून, त्या तेवढ्यापुरत्या चालण्याजोग्या झाल्या की लगेच उतरवून घ्याव्या लागतात, म्हणजे त्यांची डिजिटल प्रत करावी लागते. शिवाय टेप महाग असल्यामुळे जुने कार्यक्रम पुसून तीच टेप पुन्हा वापरण्याची पद्धत जगभरच्या दूरचित्रवाणी संस्थांमध्ये होती. बीबीसीसारख्या संस्थेनेही साठ-सत्तरच्या दशकांतले अनेक कार्यक्रम असे गमावले. ते लक्षात घेता, जे हाती राहिले त्यावर चार रेघा उमटल्या म्हणून नाराज होण्याचे कारण नाही. रेघ उमटली तरी अभिनेत्याचा चेहरा दिसतो, संवाद ऐकू येतो आणि प्रसंगाची पकड सुटत नाही.

चित्राच्या अगदी खालच्या कडेला दिसणारी थरथरती, फाटल्यासारखी पट्टी हाही टेपचाच गुणधर्म. यंत्रातल्या फिरत्या ड्रमवर टेप वाचणारी ‘हेड’ बसवलेली असतात. त्यांतले एक थांबून दुसरे वाचू लागते, त्या सांध्यावर ती उमटते. पिक्चर ट्यूबच्या संचांत चित्राचा कडेचा भाग पडद्याच्या चौकटीमागे जात असे, म्हणून ती पट्टी त्या काळी कोणाला दिसली नाही. आजचे सपाट संच पूर्ण चित्र दाखवतात. तेवढ्या ओळींवर काळी पट्टी टाकली तर दोष झाकला जातो. या वाहिनीने काही मालिकांत तसे केलेही आहे, काहींत नाही.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे चित्राचा आकार. आपल्याकडे त्या काळचे सगळे प्रक्षेपण चारास तीन (रुंदी चार, तर उंची तीन) या प्रमाणातले होते. आजचे पडदे सोळास नऊ आहेत. ही वाहिनी चारास तीनचे चित्र आडवे ताणून पूर्ण पडदा भरते, म्हणजे प्रत्येक वस्तूची रुंदी एक-तृतीयांशाने वाढते. एका मालिकेत आईची भूमिका करणारी अभिनेत्री तुळशीपुढे दिवा लावून वळते आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ येतो. दिग्दर्शकाने त्या क्षणी तिच्या कपाळावरचे मोठे गोल कुंकू चित्राच्या मधोमध घेतले आहे, आणि ते इथे आडवे लंबगोल दिसते. चेहरा सुजल्यासारखा वाटतो, गालांची ठेवण बदलते, अभिनेत्रीने डोळ्यांतून दाखवलेला थकवा पसरट चेहऱ्यात हरवून जातो. पुढच्याच चित्रात भिंतीवरचे गोल घड्याळही तसेच लांबट दिसते. यात टेपचा काहीही दोष नाही. तोच भाग निर्मात्यांच्या अधिकृत यूट्यूब वाहिनीवर योग्य आकारात, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवून उपलब्ध आहे.

यावर घरच्या घरी एक उपाय आहे. संचाच्या सेटिंगमध्ये चारास तीन हा पर्याय निवडला की ताणलेले चित्र पुन्हा मूळ आकारात येते. वाहिनीचे बोधचिन्ह आणि जाहिराती तेवढ्या अरुंद दिसतात, पण माणसे माणसांसारखी दिसतात. दुर्दैवाने काही मालिकांच्या बाबतीत वाहिनीने ताणण्याऐवजी कापण्याचा मार्ग निवडला आहे. तिथे वरचा आणि खालचा भाग मिळून चित्राच्या उंचीचा चौथा हिस्सा जातो आणि त्यावर प्रेक्षकाच्या हाती कोणताच उपाय उरत नाही. नाट्यप्रवेशांत त्यामुळे उभ्या नटांची डोकी कापली जातात. त्याहून वाईट म्हणजे श्रेयनामावलीतली खालची ओळ दिसत नाही. त्या मालिकांत छोट्या भूमिका करणाऱ्या कित्येक हौशी आणि प्रायोगिक रंगभूमीवरच्या कलावंतांची, नेपथ्यकारांची, ध्वनिमुद्रकांची नावे अन्यत्र सहज सापडत नाहीत. त्यांच्या कामाची ती एकमेव जाहीर नोंद असते, आणि ती अशी कापली जावी याचे मला फार वाईट वाटते.

दुसरा दोष हलत्या वस्तूंच्या कडांवर दिसतो. जुन्या पद्धतीत चित्राच्या दिसणाऱ्या ५७६ ओळी एकदम येत नसत. सेकंदाच्या पन्नासाव्या भागात आधी एकाआड एक निम्म्या ओळी आणि पुढच्या पन्नासाव्या भागात उरलेल्या निम्म्या, असे सेकंदाला पन्नास अर्धे भाग मिळून पंचवीस पूर्ण चित्रे होत. आजच्या पडद्यासाठी हे अर्धे भाग काळजीपूर्वक जुळवावे लागतात. तसे न करता ते एकमेकांवर ठेवले की हलणाऱ्या हाताची कड फणीच्या दातांसारखी फाटते. तबल्याच्या एका कार्यक्रमात वादकाची बोटे द्रुत लयीत येताच नुसत्या आडव्या रेघांचा गुंता दिसू लागला, आणि ज्या बोटांसाठी तो कार्यक्रम पाहायचा तीच दिसेनाशी झाली. काही ठिकाणी उलट टोक गाठून निम्म्या ओळी सरळ टाकून दिलेल्या असाव्यात असे वाटते, कारण तिथे फणी दिसत नाही पण सारे चित्र धूसर झालेले असते.

बारीक चौकडीच्या लुगड्यांवर किंवा रेघारेघांच्या सदऱ्यांवर खेळणारे इंद्रधनुषी रंग हाही पुष्कळदा टेप उतरवतानाचा निष्काळजीपणा असतो. उजळपणा आणि रंग एकाच तारेतून मिसळून घेतले की यंत्र बारीक रेघांनाच रंग समजून बसते. दूरचित्रवाणीच्या व्यावसायिक कामात वापरल्या जाणाऱ्या बीटाकॅमसारख्या टेपवर या दोन गोष्टी वेगवेगळ्या नोंदलेल्या असतात. तशा टेप वेगवेगळ्या तारांनी उतरवल्या तर हा गोंधळ बव्हंशी टळतो.

आवाजाची परिस्थिती चित्राहून बिकट आहे. एका मालिकेच्या भागांत डाव्या स्पीकरमधून संवाद येतात आणि उजव्यातून केवळ पार्श्वसंगीत व पावलांचे, भांड्यांचे आवाज. त्या काळी दुसऱ्या भाषेत ध्वनिमुद्रण करता यावे म्हणून टेपच्या एका मार्गावर (ट्रॅकवर) संपूर्ण आवाज आणि दुसऱ्यावर संवादांविना आवाज ठेवण्याची पद्धत होती. प्रक्षेपणापूर्वी कोणी दोन मिनिटे कान देऊन ऐकले असते तर पहिला मार्ग दोन्ही स्पीकरांना देता आला असता. ज्या घरात उजवा स्पीकर जवळ आहे, तिथल्या वडीलधाऱ्यांना पात्रे नुसती ओठ हलवताना दिसत असतील.

खरखर काढण्याचा अतिउत्साह हा आणखी एक दोष. जुन्या मुद्रणातली बारीक सुरसुर आणि विजेची पन्नास हर्ट्झची घरघर कमी करणे योग्यच आहे, पण इथे ती इतकी खरवडली आहे की ‘स’, ‘श’, ‘छ’ ही अक्षरे बोथट झाली आहेत आणि दोन संवादांच्या मधली शांतता एकदम बंद पडल्यासारखी वाटते. थोडी सुरसुर राहिली असती तर संवाद अधिक स्वच्छ कळले असते.

ओठ आणि आवाज न जुळण्याबद्दल मात्र निवाडा सावधपणे करावा. त्या काळच्या अनेक मालिकांत संवाद नंतर मुद्रित केलेले आहेत, त्यामुळे थोडी विसंगती मूळचीच असू शकते. दार आपटणे, टाळी वाजवणे, पेला खाली ठेवणे अशा क्षणांकडे लक्ष द्यावे. तिथेही आवाज आधी येत असेल, आणि भागामागून भाग सारखाच आधी येत असेल, तर दोष बहुधा प्रक्षेपणाचा असतो. चित्रावर प्रक्रिया करायला यंत्राला वेळ लागतो, आवाज लवकर पुढे जातो, आणि त्याला तेवढेच थांबवून धरण्याची व्यवस्था केलेली नसते. युरोपीय प्रक्षेपण संघाच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४० मिलिसेकंदांहून अधिक पुढे किंवा ६० मिलिसेकंदांहून अधिक मागे नसावा. ४० मिलिसेकंद म्हणजे नेमके एक चित्र. या वाहिनीवर संध्याकाळच्या मालिकेत आवाज याहून पुष्कळ पुढे धावतो हे मोजल्याशिवायही जाणवते.

वाहिनीला दोष देण्यापूर्वी आपल्या घरची बाजू तपासणे न्यायाचे ठरेल. चित्राचे चौकोन पडणे, ते मधेच गोठणे, आवाज तुटक येणे हे जोरदार पावसात डिशचा संकेत क्षीण झाल्यामुळे होते. दुसरी वाहिनी लावून पाहिली की ते कळते. रेघ टेपची की संकेताची अशी शंका आली, तर त्याच भागाचे पुनःप्रक्षेपण पाहावे. तीच रेघ त्याच संवादावर पुन्हा आली तर ती टेपमध्येच, निदान तिच्या उतरवलेल्या प्रतीत, आहे.

माझे मत असे की, ज्या मालिका अधिकृत यूट्यूब वाहिन्यांवर उपलब्ध आहेत त्या तिथेच पाहाव्यात. ज्या फक्त याच वाहिनीवर दिसतात त्यांच्यासाठी, आणि अशा मालिका थोड्या नाहीत, वर्गणी देणे अजूनही योग्य आहे. संच चारास तीनवर ठेवावा आणि ध्वनीच्या सेटिंगमध्ये मोनोचा, म्हणजे दोन्ही स्पीकरांना एकच आवाज देण्याचा, पर्याय असल्यास तो निवडावा. तक्रार करताना मालिकेचे नाव, भाग, वेळ आणि नेमका दोष लिहून पाठवावा. मी संवाद एकाच स्पीकरमधून येत असल्याची तक्रार तशी लिहून पाठवल्यावर त्या मालिकेचे पुढचे भाग दोन्ही स्पीकरांतून नीट ऐकू येऊ लागले; चित्राच्या आकाराबद्दलच्या पत्राला मात्र अजून उत्तर आलेले नाही.