एक गुडघा पारंपरिक, दुसरा रोबोटिक: वापरानंतरचा अनुभव

डाव्या नडगीवर पिना ठोकल्या होत्या ती जागा अजूनही दाबली की दुखते, आणि रोबोटिक गुडघाबदलाची माहिती देताना या पिनांविषयी कोणीच धड बोलत नाही, म्हणून हे लिहीत आहे. झिजेच्या संधिवातामुळे माझा उजवा गुडघा आधी पारंपरिक पद्धतीने बदलला होता आणि डावा नंतर त्याच सर्जनांनी रोबोटिक यंत्रणेच्या मदतीने बदलला.

करवत दोन्ही वेळा सर्जनांच्याच हातात असते. यंत्र फक्त आखलेल्या सीमेपलीकडे पाते जाऊ देत नाही. मात्र पाय जरासा हलला तरी यंत्राच्या कॅमेऱ्याला कळावे म्हणून मांडीच्या आणि नडगीच्या हाडांत पिना रोवून त्यांवर ट्रॅकर, म्हणजे कॅमेऱ्याने टिपायच्या खुणा, बसवतात. पारंपरिक पद्धतीत या पिना नसतात. तेथे बहुधा मांडीच्या हाडाच्या पोकळीत सळई घालून कापाचा कोन ठरवला जातो. पिनांच्या छिद्रापाशी जंतुसंसर्ग होऊ शकतो, क्वचित हाडही मोडते. माझे हाड शाबूत आहे, एक्स-रे स्वच्छ आहे, परंतु ही शक्यता मला आधी सांगितली गेली नाही आणि संमतीपत्रात ‘इतर गुंतागुंत’ एवढेच छापलेले होते, याचा राग अजून गेलेला नाही. जादा आकारलेल्या रकमेत याच पिनांचा खर्च होता, हे बिल पाहिल्यावर समजले.

पहिल्या काही आठवड्यांत मी रोबोटिकच्या बाजूने ठाम होतो, कारण वॉकर लवकर सुटला आणि वेदनाशामक गोळ्याही कमी लागल्या. आता तसे म्हणवत नाही. दुसऱ्या वेळी व्यायाम आधीपासून ठाऊक होते, त्यामुळे सगळे श्रेय यंत्राला देता येत नाही. शिवाय आज जिना उतरताना दोन्ही पायांत फरक जाणवत नाही. हाडाचा काप आणि पायाची रेषा रोबोटिकमध्ये अधिक अचूक येते, हे अभ्यासांत दिसलेले आहे, पण रुग्णांनी स्वतः सांगितलेल्या वेदना आणि हालचालींत मोठा फरक सहसा आढळत नाही.

टिकाऊपणाबाबत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातील २०१९ च्या आढाव्यानुसार संपूर्ण गुडघाबदलाचे सुमारे ८२ टक्के सांधे २५ वर्षे टिकतात, आणि इतके जुने सांधे बहुतांशी पारंपरिक पद्धतीनेच बसवलेले आहेत. माको या रोबोटिक यंत्रणेला संपूर्ण गुडघाबदलासाठी अमेरिकेत २०१५ साली मान्यता मिळाली. तिची २५ वर्षांची परीक्षा अजून व्हायची आहे.

मांडीच्या हाडात जुन्या अपघाताची सळई असेल किंवा हाड वाकडे जुळलेले असेल, तर नेहमीची सळई आत जात नाही आणि तेथे रोबोटिकसाठी जादा पैसे मोजणे मला योग्य वाटते. साध्या झिजेसाठी मी अनुभवी सर्जन आणि नियमित फिजिओथेरपी यांवरच खर्च करेन. तरीही रोबोटिक निवडणाऱ्यांनी पिना नेमक्या कोठे बसणार आणि त्यांची जखम कोण तपासणार, हे शस्त्रक्रियेआधी लेखी घ्यावे.