कॉपर-टी ३८० ए : चौदा महिन्यांचा अनुभव

कॉपर-टी म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून गर्भाशयात बसवायचं तांब्याचं साधन. आधीच सांगते, पहिल्या तीन महिन्यांत दोनदा ही काढून टाकायला निघाले होते.

धाकटी सात महिन्यांची असताना बसवली. एक जोरदार कळ, पाच मिनिटांत काम झालं. त्रास सुरू झाला तो पुढच्या पाळीपासून. चार दिवसांत आटोपणारी पाळी आठ दिवस चालली. दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी पॅड, ऑफिसच्या पर्समध्ये जास्तीची सलवार. हिमोग्लोबिन ११.८ वरून १०.४. बसवताना "थोडं जास्त जाईल" एवढंच सांगितलं होतं. थोडं!

सासूबाईंनी पहिल्याच दिवशी "लूप घातलास?" म्हणून कपाळाला हात लावला. त्यांच्या भीतीला कारण आहे. १९६५ पासून आपल्याकडे लिपीज लूप, म्हणजे गर्भाशयात बसवायचं प्लास्टिकचं जुनं साधन, धडाक्यात बसवले गेले. रक्त जायला लागलं की विचारायला कोणी नाही, त्यांच्या आईचं तेच झालं. अमेरिकेतल्या डॅल्कन शील्ड या अशाच साधनाचा खाली सोडलेला धागा अनेक तंतूंचा, त्यातून जंतू वर चढायचे. १९७४ मध्ये तिथे त्याची विक्री थांबली. कॉपर-टीचा धागा एकाच तंतूचा असतो, पण बदनामी तिच्याही वाट्याला आली.

"पुढे मूल राहणार नाही" ही त्यांची दुसरी धास्ती. त्यावर मेक्सिको सिटीतल्या सुमारे १९०० बायकांचा अभ्यास २००१ मध्ये आला. तांब्याच्या साधनामुळे गर्भनळ्या बंद होण्याचा धोका वाढलेला दिसला नाही. वाढला होता तो क्लॅमिडियाचा (शरीरसंबंधातून पसरणारा जंतू) संसर्ग होऊन गेलेल्यांत.

परिणामकारकतेबद्दल शंकाच नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत १२ वर्षांत शंभरातल्या साधारण दोघींनाच दिवस गेले. कॉपर-टीच्या जुन्या २२० सी प्रकारात सात जणींना. तांबं शुक्रजंतूंना निकामी करतं, हॉर्मोनचा संबंध नाही. पण अशा अभ्यासांत "रक्तस्राव किंवा वेदनेमुळे काढली" असाही एक आकडा असतो. मी त्यात जमा होता होता राहिले.

चौथ्या महिन्यापासून बसलं सगळं. पाळीचे पहिले दोन दिवस डॉक्टरांनी दिलेली मेफेनॅमिक ॲसिडची वेदनाशामक गोळी, तीन महिने लोहाच्या गोळ्या. आता सहा दिवस, हिमोग्लोबिन ११.५. नवऱ्याला धागा टोचायचा, तोही दोनेक महिन्यांत मऊ पडला. पाळी झाली की उकिडवं बसून धागा हाताला लागतो का ते बघते. पहिल्या वर्षी कॉपर-टी आपोआप निसटू शकते, हे मला शेजारणीकडून कळलं, दवाखान्यातून नाही.

परवा धाकट्या जावेने विचारलं, मीही बसवू का? तिची पाळी मुळातच आठ दिवसांची, हिमोग्लोबिन ९. मी सरळ नको म्हटलं. हॉर्मोनवाली मिळते, तिने रक्तस्राव उलट कमी होतो, डॉक्टरांना विचार म्हणाले. किंमत काही हजारांत आहे हे ऐकल्यावर "बघू" म्हणाली.