स्पायरोनोलॅक्टोन की एप्लेरेनोन?

एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांपैकी ज्यांच्या पोटात आतड्यांभोवती चरबी साठते, त्यांच्यात अल्डोस्टेरॉन हे शरीरात मीठ-पाणी धरून ठेवणारं संप्रेरकही वाढलेलं आढळतं. ही दोन्ही औषधं त्या संप्रेरकाची वाट अडवतात.

स्पायरोनोलॅक्टोन जुनं, पण ते टेस्टोस्टेरॉनच्याही आड येतं. पुरुषाच्या छातीत गाठ येते, सदऱ्याचं कापड घासलं तरी दुखतं. बरेच जण लाजेपोटी डॉक्टरांना सांगतच नाहीत आणि गोळी बंद करून टाकतात. मला याचं फार वाईट वाटतं.

एप्लेरेनोनमध्ये हा त्रास क्वचितच. एचआयव्हीबाधितांवरील चाचणीत रोज 50 मिलिग्रॅम दिल्यावर 6 महिन्यांत स्नायूंतली चरबी घटली. इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद मात्र सुधारला नाही. मोठी अडचण वेगळीच: एचआयव्हीच्या औषधांचा असर वाढवायला देतात ते रिटोनाविर किंवा कोबिसिस्टॅट चालू असेल तर एप्लेरेनोन घ्यायचंच नाही. त्यांच्यामुळे ते यकृतात नीट मोडत नाही, रक्तात साचत जातं. तिथे माझा कौल स्पायरोनोलॅक्टोनला. एचआयव्हीवरचं डोल्युटेग्राविर हे औषध असेल तर एप्लेरेनोनला.

पोटॅशियम दोन्हींनी चढतं. सोबत कोट्रायमॉक्साझोल हे प्रतिजैविक असेल तर आणखी. सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यातच रक्त तपासून घ्या.