दारू सोडायला ग्रुप शोधताय? एए च्या मराठी मिटिंगचा आमचा अनुभव

मोबाईलवर "दारू सोडवण्यासाठी जवळचा ग्रुप" असं टाकलं की आधी नुसत्या जाहिराती येतात, पेशंटला न सांगता जेवणातून द्यायची पावडर, "आमची गाडी घरून उचलून नेईल" वाली सेंटरं, एसी रूम, नॉन एसी रूम, महिन्याचं पॅकेज, आणि आपण इतके कावलेलो असतो की कुठल्यातरी नंबरवर बोट जातंच. पावडरवाल्यांच्या नादी तर अजिबात लागू नका. आत काय असतं कोणाला ठाऊक, त्यात डायसल्फिराम सारखं काही असेल आणि वरून माणूस प्यायला तर उलट्या, धडधड, बीपी एकदम खाली, जिवावर बेतू शकतं. डॉक्टर ते औषध देतात तेव्हा पेशंटला सगळं सांगून देतात ते उगाच नाही.

मी लिहितेय ते अल्कोहोलिक्स अनॉनिमस म्हणजे एए बद्दल. आमचे हे तिथे जातात आणि मी अलअनॉनला, म्हणजे घरच्यांच्या ग्रुपला. एए च्या हेल्पलाईनला पहिला फोन मी केला आणि लग्नापासूनचा सगळा पाढा वाचायला घेतला, पलीकडच्या माणसाने ऐकून घेतलं आणि विचारलं, "वहिनी, त्यांना स्वतःला सोडायचीय का? मग त्यांनाच फोन करायला सांगा." एवढा राग आला ना! पण त्यांची रीतच ती आहे, पिणं थांबवायची इच्छा ही मेंबर व्हायची एकच अट, आणि ती इच्छा बायकोची चालत नाही. पुढे ह्यांनी चिडचिड करत का होईना फोन लावला तेव्हा कळलं की उचलणाराही एकेकाळचा पिणाराच. तिथे सगळे असेच. १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारूपायी कामातून गेलेले, एकमेकांशी बोलून थांबले तिथून हे सुरू झालं, आपल्याकडे १९५७ पासून आहे, आणि पद्धत अजून तीच, पिणारा पिणाऱ्याशी बोलतो.

ओपन मिटिंगला घरचेही बसू शकतात, क्लोज्डला फक्त ज्यांना दारूचा प्रॉब्लेम आहे तेच, त्यामुळे जायच्या आधी विचारून घ्या. आमची ओपन मिटिंग पालिकेच्या शाळेत, भिंतीवर बाराखडीचा तक्ता, आणि बाकं लहान पोरांची त्यामुळे मोठमोठे बाप्ये गुडघे छातीशी घेऊन बसलेले. एक रिक्षावाले दादा उठले, नाव सांगितलं, मी मद्यपी म्हणाले, आणि पुढे, "मी श्रावण कडक पाळायचो, म्हणजे उरलेले अकरा महिने घरी सांगता यायचं की मला काही सवय नाही." सगळा वर्ग हसला. हे पण हसले, आणि मी बघतच राहिले, कारण आमच्याकडे गटारीनंतरचं हेच भाषण दरवर्षी व्हायचं, शब्द न शब्द! मी इतकी वर्षं घसा कोरडा केला ते एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून दिलं, आणि हे रिक्षावाले दादा चार वाक्यांत आत पोचले.

फी नाही. शेवटी थैली फिरते, नवीन आलेल्याने टाकायची गरज नाही, बाहेरच्यांची देणगी तर ते घेतच नाहीत. आडनाव कोणी विचारत नाही. तरी ह्यांना जवळच्या ग्रुपात सोसायटीचं कोणी भेटेल अशी धास्ती होती, म्हणून दोन स्टेशनं सोडून जातात, जाऊ देत. प्रत्येक ग्रुपचा स्वभाव वेगळा असतो, कुठे प्रार्थना जास्त, कुठे गप्पा जास्त, एक नाही पटला म्हणून एए च नाही पटलं असं करू नका, तीनचार ठिकाणी बसून बघा. देवाचं नाव बरंच येतं हे खरं, एए च्या बारा पायऱ्यांत, म्हणजे दारूपासून दूर राहायच्या त्यांच्या बारा टप्प्यांत आहेच, पण "आम्हाला उमगला तसा ईश्वर" असं म्हणतात. आमचे हे पक्के नास्तिक, प्रार्थनेला गप्प उभे राहतात, कोणी काही म्हणत नाही.

मुख्य गोष्ट म्हणजे हा दवाखाना नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर पहिल्या दोनतीन दिवसांत हात थरथरणं, फिट येणं, भास होणं असं होऊ शकतं, तेव्हा आधी डॉक्टर, मग मिटिंग. आणि मिटिंगमधे कोणी म्हणालं की मानसोपचाराच्या गोळ्या पण सोड, तर ऐकू नका, मेंबरने डॉक्टर होऊ नये असं एए स्वतःच सांगते. ॲडमिट करायची वेळ आली तर पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, त्यांचा पेशंटच्या बायकांसाठी सहचरी ग्रुप पण आहे. कुठूनच सुरुवात सुचत नसेल तर सरकारी हेल्पलाईन १४४४६.

अलअनॉनबद्दल थोडंच लिहिते. तिथे नवऱ्याची दारू कशी सोडवायची ते शिकवत नाहीत, मी त्याच आशेने गेले होते. बाटल्या शोधणं, ऑफिसला "ताप आलाय" असे फोन करणं, हे आपण का करतो यावर बोलतात. हल्ली ऑफिसचे फोन हे स्वतः करतात.

पाचपैकी साडेचार, अर्धा बाकांसाठी कापला. मिटिंगची जागा वेळ आदल्या दिवशी फोनवर कन्फर्म करा, शाळेला सुट्टी असली की जागा बदलते. आणि शुगर असेल तर चहा देणाऱ्याला आधीच सांगा, दारू सोडली की गोड लागतं म्हणे, त्यामुळे चहा पाकासारखा असतो.