रोशन गेटजवळची मटण मंदी

संभाजीनगरात आता गल्लोगल्ली मंदीच्या, म्हणजे येमेनी पद्धतीच्या मटण-भाताच्या, पाट्या लागल्यात. बहुतेक ठिकाणी बिर्याणीचाच भात, वर तळलेली कोंबडी, काजू आणि मेयोनीज. त्याला मंदी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. रोशन गेटकडून कटकट गेटकडे जाताना एक छोटं मंदी हाऊस लागतं, तिथली मटण मंदी मात्र अस्सल आहे. हे मी लहानपणी सलालात ती पोटभर खाल्लीय म्हणून छातीठोकपणे सांगते.

पप्पा तिथल्या बंदरावर क्रेन चालवायचे. मी बालवाडीत होते तेव्हा अंबडहून आम्ही सगळे गेलो, ते मी पाचवीत जाईपर्यंत तिकडंच. सलाला म्हणजे ओमानचं दक्षिण टोक, मस्कतपासून हजारेक किलोमीटर. येमेन तिथून जवळ. जून ते सप्टेंबर तिथले डोंगर हिरवेगार होतात, भुरभुर थांबत नाही. अंबडला आजोबा आभाळाकडं डोळे लावून बसलेले असायचे आणि इकडं अरबस्तानात आम्ही रस्त्याकडेच्या टपरीवर भिजत शहाळी प्यायचो.

सुट्टीच्या दिवशी, शुक्रवारी, येमेनी हॉटेलात जायचं ठरलेलं. पडदा लावलेली खोली, खाली गालिचा, त्यावर प्लास्टिकचा कागद आणि मधोमध एकच मोठा थाळ. ताटं मागायची नाहीत. वाढणारे चाचा मटणाचा सगळ्यात मऊ तुकडा हातानं सोडवून माझ्या पुढ्यात सरकवायचे, मग मोठ्यांनी हात घालायचा. आईला आधी हे अजिबात रुचलं नाही. "ना तिखट, ना येसर, नुसतं उकडलेलं," म्हणायची. पुढं तीच थाळाच्या कडेचा भात बोटानं पुसून खायला लागली.

रोशन गेटजवळच्या या हॉटेलात तोच भात मिळतो. मालकांनी मला मागं नेऊन भट्टी दाखवली. जमिनीत खोल खड्डा, तळाशी निखारे, त्यावर तांदळाचं पातेलं आणि पातेल्याच्या वर जाळीवर मटण. तोंड झाकून कडा बंद केल्या की मटणाचा रस आणि चरबी थेंब थेंब भातात उतरते. म्हणून भाताला वेगळा मसाला फारसा लागत नाही; हळद, जिरं, मिरी, वेलची आणि सुकवलेलं काळं लिंबू, बस. दाणा मोकळा, तरी कोरडा नाही. मटण चमच्यानं सुटतं, आणि धुराचा वास आतपर्यंत मुरलेला असतो. वरून कोळशाचा धुंगार दिलेल्या भातात तो वास नुसता वरवर राहतो.

मालक चाऊस आहेत. मंदी मूळची येमेनमधल्या हद्रमौतची, आणि आपल्याकडच्या चाऊस मंडळींचे पूर्वज तिथूनच निजामाच्या फौजेत आले. हैदराबादचा बारकस भाग त्यांचाच. मराठवाडा १९४८ पर्यंत त्याच संस्थानात होता, त्यामुळं औरंगाबाद, परभणी, नांदेडात ही घरं पिढ्यान् पिढ्या आहेत. मंदी म्हणजे दुबईहून आलेली नवी फॅशन असं ज्यांना वाटतं, त्यांनी मालकांशी दहा मिनिटं बोलावं.

आता खटकलेलं. टोमॅटोची चटणी फार जहाल करतात. सलालात ती आंबटसर असायची, लहान मुलंही वाटी चाटून पुसून संपवायची. इथं माझ्या लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. भातात केशरी रंग घालतात, त्याची काहीच गरज नाही. ताक पातळ. आणि फॅमिली खोल्या दोनच, रविवारी ताटकळावं लागतं.

पप्पांना आता खाली बसवत नाही. हॉटेलातल्या पोरांनी न सांगता त्यांच्यासाठी बुटकं स्टूल आणलं आणि थाळ चौरंगावर ठेवला, म्हणजे आम्हा सगळ्यांना एकत्रच जेवता आलं. हे मला फार आवडलं. हॉटेलात आजोबा आणि पाच वर्षांची नात एकाच थाळात जेवताहेत, असं एरवी कुठं बघायला मिळतं?

चौघांचा मटण थाळ साडेतेराशेला, भात पुन्हा मागितला तर वेगळे पैसे नाहीत. संध्याकाळची भट्टी साडेसातला उघडतात, तेव्हाच पोहोचा. नऊनंतर मटण संपतं आणि नुसती कोंबडी उरते. चटणी कमी तिखट हवी असेल तर ऑर्डर देतानाच सांगा, वेगळी करून देतात. पार्सल नेऊ नका, डब्यात भाताला घाम सुटतो.